भजन स्पर्धेची ऑनलाइन प्रवेशिका: ब्राउझरमधील आणि सर्व्हरवरील तपासणीचे एक प्रकरण

फोंडा तालुक्यातील एक सांस्कृतिक संस्था गोव्यातील भजनी मंडळांची स्पर्धा भरवते. पुरुष, महिला आणि १४ वर्षांखालील मुले असे तीन गट असतात आणि प्रत्येक मंडळात गायक, हार्मोनियमवादक, पखवाजवादक आणि झांज वाजवणारे मिळून ठरावीक संख्येचे सदस्य लागतात. पूर्वी प्रवेशिका कागदावर भरून संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी लागे. पेडण्याच्या किंवा काणकोणच्या मंडळाला त्यासाठी कामाचा एक दिवस घालवावा लागत असल्याने संस्थेने ही प्रवेशिका संकेतस्थळावर ठेवली. हा निर्णय योग्यच होता. मात्र मुदत संपून छाननी समितीपुढे यादी आली, तेव्हा ज्यांनी यायला हवे होते अशी काही मंडळे यादीत नव्हती आणि जे नियमात बसत नव्हते असे काही सदस्य त्यात होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या, याचा शोध घेण्याचे काम माझ्याकडे आले. संस्थेच्या संमतीने ते येथे मांडत आहे. संस्थेचे नाव आणि अर्जदारांचे तपशील जाणीवपूर्वक वगळले आहेत.

प्रवेशिकेची तांत्रिक रचना अशा संस्थांच्या संकेतस्थळांवर नेहमी दिसते तशीच होती: सर्व्हरवर (संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकावर) पीएचपी ही भाषा, माहिती साठवायला मायएसक्यूएल हा डेटाबेस, आणि अर्जदाराच्या ब्राउझरमध्ये तपासणीसाठी जावास्क्रिप्ट या भाषेतले एक तयार ग्रंथालय (लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड). बहुतेक सगळे नियम त्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिले होते. सर्व्हरवर नियम अगदीच नव्हते असे नाही. पण ते वेगळ्या वेळी, वेगळ्या हाताने लिहिलेले होते आणि ब्राउझरमधील नियमांशी त्यांचा मेळ नव्हता.

नावांचा अडथळा

पहिली आणि सर्वांत वेदनादायक तक्रार महिला मंडळांची होती. एका मंडळाच्या प्रमुख बाईंनी सचिवांना फोनवर विचारले होते, "भाऊ, आमचं नाव संगणकाला चालत नाही म्हणे. मग इंग्रजीत लिहू का?" मराठी अभंग गाणाऱ्या मंडळाला मराठी संस्थेच्या स्पर्धेत आपले नाव रोमन लिपीत लिहायची परवानगी मागावी लागते, ही गोष्ट मला तांत्रिक दोषापेक्षा मोठी वाटते.

कारण शोधले तेव्हा एकावर एक साचलेले तीन दोष दिसले. मंडळप्रमुखाच्या नावाच्या रकान्यावर आरंभी फक्त रोमन ए ते झेड ही अक्षरे आणि मोकळी जागा एवढेच स्वीकारणारा नमुना लावला होता. तक्रारी आल्यावर कोणीतरी तो बदलून 'कोणत्याही लिपीतील अक्षर' असा युनिकोडचा (सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचा) गुणधर्म वापरला. हेतू चांगला होता. परंतु युनिकोडच्या वर्गीकरणात देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह ही 'अक्षरे' या वर्गात येत नाहीत; ती 'जोडचिन्हे' या वेगळ्या वर्गात मोडतात. परिणामी 'कमल' आणि 'नमन' ही नावे बिनतक्रार जात होती, 'गीता' आणि 'विठ्ठल' अडत होती. चाचणी करणाऱ्याने योगायोगाने एखादे काना-मात्रा नसलेले नाव टाकून पाहिले असेल, तर त्याला दुरुस्ती यशस्वी झाल्यासारखेच वाटले असणार.

दुसरा दोष सर्व्हरवर होता. मंडळाच्या नावाला दोन्हीकडे ५० ची कमाल मर्यादा होती, त्यामुळे वरवर पाहता नियम एकच होता. पण ब्राउझरमधील लांबीची मर्यादा चिन्हे मोजते, आणि सर्व्हरवर वापरलेले पीएचपीचे साधे फलन (फंक्शन) बाइट, म्हणजे साठवणुकीची एकके, मोजते. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. 'महिला भजनी मंडळ' एवढेच शब्द घेतले तरी ब्राउझरच्या हिशेबाने १५ चिन्हे होतात आणि सर्व्हरच्या हिशेबाने ४१ बाइट. त्याआधी ग्रामदेवतेचे नाव आणि पुढे गावाचे नाव आले की ५० ची मर्यादा ओलांडली जाणार हे ठरलेलेच. आणि गोव्यातील मंडळांची नावे बहुधा अशीच असतात. ब्राउझरने हिरवी खूण दाखवलेली प्रवेशिका सर्व्हर परत पाठवत होता, आणि तीही 'चुकीची माहिती' एवढ्याच इंग्रजी संदेशासह, सगळे रकाने रिकामे करून. बारा-पंधरा सदस्यांची नावे भ्रमणध्वनीवर टाइप केलेल्या माणसाने ती पुन्हा पहिल्यापासून भरावीत, अशी अपेक्षा कोणत्याही संस्थेने ठेवू नये.

तिसरा दोष एका लहान चिन्हाभोवती होता. गोव्यात भजनाच्या साथीला ख्रिस्ती वादक असणे नवलाचे नाही, आणि त्यांच्यापैकी काहींच्या आडनावाच्या रोमन लेखनात 'डी' नंतर अपॉस्ट्रॉफी येते. हे चिन्ह नावात येऊ द्यायचे नाही असा नियम जावास्क्रिप्टमध्ये होता. सर्व्हरवरील संकेतात (कोडमध्ये) मायएसक्यूएलची आज्ञा तुकडे जोडून तयार केली जात होती आणि त्या चिन्हाने आज्ञा मध्येच तुटत असे. म्हणून माणसाच्या आडनावालाच बंदी घातली गेली. अशाने संरक्षणही झाले नाही, कारण ब्राउझर वगळून थेट सर्व्हरला विनंती पाठवणाऱ्यासाठी ती बंदी अस्तित्वातच नव्हती. एसक्यूएल इंजेक्शनवरचा, म्हणजे रकान्यातून डेटाबेसला घुसवलेल्या आज्ञांवरचा, खरा उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट हा आहे: त्यात आज्ञा आणि माहिती डेटाबेसकडे वेगवेगळ्या जातात, आणि नावात कोणतेही चिन्ह आले तरी ते नावच राहते. शिवाय अनेक फोन टाइप करताना सरळ अपॉस्ट्रॉफीच्या जागी आपोआप वळणदार चिन्ह घालतात, त्यामुळे बंदी असलेले आडनावही एका फोनवरून जात होते आणि दुसऱ्यावरून अडत होते.

वयाची अट कशी निसटली

मुलांच्या गटात १४ वर्षांवरील काही मुले आली, हे छाननी समितीने जन्मदाखले पाहिल्यावर उघड झाले. समितीचा पहिला संशय मंडळांवर गेला होता, आणि तो अन्यायाचा होता. मंडळांनी वय खरेच लिहिले होते. त्यांना वाटले की नियमात बसत नसेल तर प्रवेशिका स्वीकारलीच जाणार नाही.

सदस्यांची यादी भरताना 'सदस्य जोडा' हे बटण दाबले की नवी ओळ तयार होई. जावास्क्रिप्टचे ग्रंथालय मात्र पान उघडताना जे रकाने होते त्यांनाच नियम लावत होते. पहिल्या ओळीतील सदस्याचे वय तपासले जाई, नंतर जोडलेल्या ओळींकडे कोणी पाहत नसे. सर्व्हरवर वयाची अट होती, पण तेथे आलेला मजकूर थेट पूर्णांकात बदलला जात होता. पीएचपीला देवनागरी अंक संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. '१७' असा मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला की उत्तर शून्य येते. शून्य हे १४ पेक्षा कमी असल्याने अट पूर्ण झाली. म्हणजे जो सदस्य आपले वय देवनागरी अंकांत लिहीत होता त्याच्यासाठी वयाची अटच उरली नव्हती.

येथे एक गोष्ट नमूद करायला हवी, कारण ती वेगवेगळ्या संगणकीय भाषांत वेगवेगळी आहे. जावास्क्रिप्टच्या नमुन्यात 'अंक' याचा अर्थ इंग्रजी अंक 0 ते 9 एवढाच होतो. पायथॉन ३ मध्ये मात्र साध्या मजकुरावर चालवलेला तोच नमुना देवनागरी अंकही स्वीकारतो, आणि मजकुराचे पूर्णांकात रूपांतर करतानाही पायथॉन त्यांचे मूल्य बरोबर काढतो. सर्व्हर पीएचपीऐवजी पायथॉनचा असता तर हा विशिष्ट दोष दिसला नसता, पण ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात नवी विसंगती उभी राहिली असती. भाषा काय करील यावर विसंबण्यापेक्षा आलेल्या मजकुरातील देवनागरी अंक आधी स्वतःच इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत आणि मग तपासणी करावी, असे माझे मत आहे. अर्जदाराने कोणत्या अंकांत लिहावे हे त्याच्यावर सोडता येते.

नव्या प्रवेशिकेत वय विचारणेच बंद केले. जन्मतारीख दिवस, महिना आणि वर्ष अशा तीन रकान्यांत घेतली जाते आणि स्पर्धेच्या नियमावलीत ठरलेल्या तारखेला वय किती होते याचा हिशेब सर्व्हर करतो. ब्राउझरमध्ये हाच हिशेब केवळ सूचना म्हणून दाखवला जातो. तारखा हाताळताना भारतात हमखास होणारी एक चूक टाळावी लागली: स्थानिक मध्यरात्रीची तारीख जावास्क्रिप्टमधून आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेच्या मजकुरात बदलली की ती एक दिवस मागे जाते, कारण आपली वेळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. एका दिवसाच्या फरकाने एखादे मूल गटाबाहेर जाऊ शकते. म्हणून तारीख ही वेळेशी न जोडता तीन संख्या म्हणूनच पाठवली जाते.

मुदत, शुल्क आणि थेट विनंती

साडेपाच तासांचाच दुसरा परिणाम मुदतीवर झाला होता. प्रवेशिका अंतिम दिवशी रात्री १२ वाजता बंद होणार होती. पान उघडताना ती वेळ उलटून गेलेली असेल तर ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट बटण लपवत होते, पण ते अर्जदाराच्या फोनवरील घड्याळ पाहून. सर्व्हरचे घड्याळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर होते, त्यामुळे सर्व्हरच्या दृष्टीने मुदत दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत चालू राहिली. ज्यांनी रात्री उशिरा आधीच उघडून ठेवलेले पान पाठवले त्यांचे अर्ज आले. ज्यांनी बारानंतर पान नव्याने उघडले त्यांना बटणच दिसले नाही. दोघांना वेगळी वागणूक मिळाली. आता मुदत सर्व्हरवर भारतीय वेळेचा उल्लेख करून नोंदवलेली आहे, आणि जाहिरातीतही 'रात्री ११ वाजून ५९ मिनिटे' असेच लिहायला मी सुचवले, कारण 'अमुक तारखेला रात्री १२' म्हणजे त्या दिवसाची सुरुवात की शेवट, हा वाद संगणकाशिवायही होतो.

शुल्काच्या बाबतीत सर्व्हर सर्वांत ढिला होता. गट निवडला की शुल्काची रक्कम जावास्क्रिप्ट ठरवत असे आणि एका अदृश्य रकान्यातून सर्व्हरला कळवत असे. सर्व्हर ती रक्कम तशीच पेमेंट गेटवेकडे पाठवी. समितीने मध्येच शुल्कात बदल केला तेव्हा ज्यांच्या फोनवर जुने पान साठवलेले होते त्यांच्याकडून जुनी रक्कम घेतली गेली आणि ती पूर्ण भरणा म्हणून नोंदली गेली. त्यात कोणाची फसवणूक करण्याची इच्छा नव्हती. तरी फसवणूक करायची झाली असती तर तीही इतकीच सोपी होती. संस्थेच्या परवानगीने संकेतस्थळाची चाचणीसाठी वेगळी प्रत उभी करून मी 'कर्ल' हे आज्ञापंक्तीवरचे साधन वापरून थेट विनंत्या पाठवल्या. एक रुपया शुल्क, यादीत नसलेला गट, शून्य सदस्य: सर्व्हरने सगळे स्वीकारले आणि यशस्वी नोंदणीचा क्रमांक परत दिला.

ब्राउझर हा अर्जदाराच्या हातातला आहे, आणि त्याच्याकडून येणारी कोणतीही गोष्ट, मग ती अदृश्य रकान्यातली असो वा निवडयादीतली, ही अर्जदाराने दिलेली माहिती समजली पाहिजे. शुल्क ही अर्जदाराने सांगायची गोष्टच नाही. गट कोणता हे त्याने सांगावे. त्या गटाचे शुल्क सर्व्हरने आपल्या नोंदीतून काढावे.

ब्राउझरमधील तपासणी न चालण्याला वाईट हेतूच लागतो असेही नाही. सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील डोंगराळ भागात भ्रमणध्वनीचे जाळे तुटक असते. तेथून पान उघडले की एचटीएमएल (पानाचा मूळ मजकूर आणि रचना) उतरते आणि जावास्क्रिप्टची फाइल अर्ध्यात राहते. त्यातच फॉर्मच्या मूळ एचटीएमएलमध्ये 'नोव्हॅलिडेट' हा गुणधर्म लिहिलेला होता, म्हणजे ब्राउझरची स्वतःची अंगभूत तपासणी बंद करून ती जबाबदारी त्या ग्रंथालयाकडे दिली होती. ग्रंथालय आले नाही की दोन्ही तपासण्या नाहीत. 'रिक्वायर्ड', 'पॅटर्न', 'मॅक्सलेंग्थ', 'मिन' आणि 'मॅक्स' यांसारखे गुणधर्म एचटीएमएल ५ मध्ये आहेत, आणि ते मानक डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. आजचे सर्व प्रचलित ब्राउझर ते पाळतात. म्हणून आम्ही क्रम उलटा केला. एचटीएमएलमध्ये अंगभूत नियम कायम ठेवले, आणि आपले जावास्क्रिप्ट पूर्ण उतरून चालू झाले तरच तेच 'नोव्हॅलिडेट' लावते आणि मराठी संदेशांची जबाबदारी घेते.

मराठी संदेशांसाठी हे आवश्यक होते, कारण अंगभूत तपासणीचे संदेश ब्राउझरच्या भाषेत येतात, पानाच्या भाषेत येत नाहीत. फोन इंग्रजीत ठेवलेल्या माणसाला मराठी पानावर इंग्रजी सूचना दिसते. ब्राउझरला स्वतःचा संदेश देण्याची सोय आहे, पण रकाना दुरुस्त झाल्यावर तो संदेश रिकाम्या मजकुराने पुसावा लागतो. तो पुसायचा राहिला की फॉर्म अडून बसतो आणि अर्जदाराला कारण कळत नाही.

जिल्हा आणि तालुका

याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दोष साधा होता. पण तो यजमान तालुक्यालाच भोवला. फोंडा तालुका जानेवारी २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. जावास्क्रिप्टमधील यादीत तो उत्तर गोव्यात होता, सर्व्हरवरील यादीत दक्षिण गोव्यात. त्यामुळे फोंड्याच्या मंडळांना 'जिल्हा आणि तालुका जुळत नाहीत' असे उत्तर मिळत होते आणि कोणता पर्याय निवडला म्हणजे जुळेल हे सांगणारे कोणी नव्हते. ब्राउझरमधील यादी इतकी जुनी होती की तीत अकराच तालुके होते, धारबांदोडा नव्हताच. आता जिल्हा विचारलाच जात नाही. बारा तालुक्यांची एक यादी सर्व्हरवर आहे, जिल्हा तिच्यातूनच कळतो आणि पानावरची निवडयादी तिच्यातूनच तयार होते.

सगळे रकाने रिकामे

मुलांच्या गटातील काही मंडळांची तक्रार अशी होती की सर्व माहिती भरूनही प्रत्येक रकान्यापुढे 'हा रकाना आवश्यक आहे' असे येते. हा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण तो कार्यालयातील संगणकावरून पुन्हा घडवता येत नव्हता. तेथे चाचणीसाठी लहान आकाराच्या प्रतिमा जोडल्या जात होत्या. मंडळांकडून मात्र फोनने काढलेली जन्मदाखल्यांची छायाचित्रे येत होती, आणि अशा एका छायाचित्राचा आकार काही मेगाबाइट सहज असतो. पीएचपीमध्ये एका फाइलची मर्यादा मुळात २ मेगाबाइट असते आणि संपूर्ण विनंतीची ८ मेगाबाइट. एकटी फाइल मोठी असेल तर त्या फाइलपुरती त्रुटी नोंदली जाते. पण पूर्ण विनंतीच ८ मेगाबाइटच्या पलीकडे गेली तर पीएचपी त्यातील रकाने आपल्या कोडला देतच नाही. सर्व्हरवरील तपासणीपुढे जणू कोरी प्रवेशिका येते, आणि ती प्रामाणिकपणे सगळे रकाने रिकामे असल्याचे सांगते.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागला. ब्राउझरमध्ये छायाचित्र निवडताच त्याचा आकार पाहून ते लहान केले जाते आणि प्रत्येक दाखला स्वतंत्रपणे पाठवला जातो. सर्व्हरवर विनंतीचा जाहीर आकार मर्यादेपेक्षा मोठा आणि रकाने मात्र रिकामे अशी स्थिती दिसली, तर नेमका संदेश दिला जातो. फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरे किंवा ब्राउझरने सांगितलेला प्रकार यांवर सर्व्हर विश्वास ठेवत नाही. तो आतील मजकूर पाहून ही खरोखर प्रतिमा आहे का ते ठरवतो आणि ती संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेर ठेवतो. लहान मुलांचे जन्मदाखले असल्याने छाननी संपल्यावर ते पुसून टाकण्याची तारीखही ठरवून घेतली. जुन्या प्रवेशिकेत मुलांचा आधार क्रमांकही मागितला जाई. तो कोणी, कशासाठी वापरला याचे उत्तर संस्थेत कोणाकडेच नव्हते, म्हणून तो रकाना काढून टाकला. जी माहिती लागतच नाही ती घ्यायची, तपासायची आणि सांभाळायची, यात संस्थेचे आणि मुलांचे नुकसानच आहे.

नवी मांडणी

दुरुस्तीचा गाभा असा की प्रत्येक रकान्याचे नियम एकाच ठिकाणी, सर्व्हरवरील एका जेसॉन फाइलमध्ये (माहिती साध्या मजकुरात मांडण्याच्या प्रकारात) लिहिले. पान तयार होताना एचटीएमएलचे गुणधर्म त्यातूनच येतात, जावास्क्रिप्टला मराठी संदेश त्यातूनच मिळतात आणि सर्व्हर आलेली प्रत्येक प्रवेशिका त्याच नियमांवर पुन्हा तपासतो. मुदत, शुल्क आणि आधीची नोंद यांसारखे जे नियम ब्राउझरला कळूच शकत नाहीत ते फक्त सर्व्हरवर राहतात. डेटाबेसमध्येही शेवटचा अडसर ठेवला आहे. जुन्या सेवेवर मायएसक्यूएलची काटेकोर पद्धत बंद होती, त्यामुळे मर्यादेपेक्षा लांब नाव निमूटपणे कापून साठवले जात होते. ती चालू केली. मायएसक्यूएलमध्ये रकान्यातील मूल्य तपासणाऱ्या 'चेक' प्रकारच्या अटी ८.०.१६ या आवृत्तीपासूनच प्रत्यक्ष पाळल्या जातात, त्याआधी त्या लिहिल्या तरी दुर्लक्षित होत, म्हणून आवृत्ती पाहून घेतली.

कडकपणा कोठे ठेवायचा हे ठरवण्यात समितीबरोबरची चर्चा सर्वाधिक उपयोगी पडली. जुनी प्रवेशिका माणसांच्या नावांबाबत कठोर आणि पैशांबाबत उदार होती. नव्या प्रवेशिकेत नाव रिकामे नसावे, मर्यादेत असावे आणि त्यात अदृश्य नियंत्रणचिन्हे नसावीत एवढेच पाहिले जाते. लिपी कोणतीही चालते, आणि लांबी दोन्हीकडे चिन्हांतच मोजली जाते. घरक्रमांकात गोव्यात सर्रास येणारी तिरपी रेघही चालते. याउलट पारितोषिकासाठीच्या बँक तपशिलाची तपासणी वाढवली. आयएफएससी संकेत ११ चिन्हांचा असतो: पहिली चार अक्षरे, पाचवे नेहमी शून्य, नंतरची सहा अक्षरे किंवा अंक. पाचव्या जागी शून्याऐवजी 'ओ' हे अक्षर पडणे ही नेहमीची चूक, ती प्रवेशिका सुचवून दुरुस्त करून घेते. खातेक्रमांकाची लांबी बँकेनुसार बदलते, त्यामुळे तेथे लांबीचा नियम न लावता क्रमांक दोनदा लिहायला सांगितला आहे. भ्रमणध्वनी क्रमांकातील मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचे शून्य किंवा देशाचा संकेत सर्व्हर स्वतः काढतो आणि उरलेले दहा अंक ६ ते ९ पैकी एकाने सुरू होतात का एवढे पाहतो. पिनकोडबाबत समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी महत्त्वाची गोष्ट लक्षात आणून दिली. मंडळ गोव्यातलेच असले पाहिजे, म्हणून मंडळाच्या पत्त्याचा पिनकोड ४०३ ने सुरू होण्याची अट रास्त आहे. पण संपर्कासाठी नाव दिलेली व्यक्ती दोडामार्ग किंवा सावंतवाडीला राहणारी असू शकते, आणि तिकडचे पिनकोड ४१६ ने सुरू होतात. पहिल्या रकान्यावर अट ठेवली, दुसऱ्यावरून काढली.

प्रवेशिका अमान्य झाली तर सर्व्हर आता भरलेली सगळी माहिती जशीच्या तशी परत दाखवतो, चुकलेल्या रकान्याखाली मराठीत काय हवे ते सांगतो आणि पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे साधन) वापरणाऱ्यालाही ते ऐकू जाईल अशी खूण रकान्याला जोडतो. जाळे मंद असताना बटण दोनदा दाबले जाते; त्यासाठी प्रत्येक उघडलेल्या प्रवेशिकेला एक खूणक्रमांक दिला आहे, आणि त्याच खूणक्रमांकाची दुसरी विनंती आली तर नवी नोंद न करता पहिल्याच नोंदीची पावती दाखवली जाते. तपासणी कितीही चांगली झाली तरी साठवलेला मजकूर पुन्हा पानावर दाखवताना एचटीएमएलसाठी सुरक्षित करून घ्यावाच लागतो, आणि समितीला यादी एक्सेलमध्ये हवी असते तेव्हा बरोबरी, अधिक, वजा किंवा ॲट या चिन्हाने सुरू होणारा मजकूर सूत्र समजला जाऊ नये याचीही काळजी घ्यावी लागते.

एक प्रश्न मात्र आम्ही यंत्रावर सोडला नाही. एका गायकाने एकाच मंडळातून गावे असा नियम आहे आणि तो पाळला गेला का हे नावे जुळवून पाहायचे असते. देवनागरीत एकच नाव दोन प्रकारे साठवले जाऊ शकते. नुक्त्याची बहुतेक रूपे युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणाने, म्हणजे वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याच्या पद्धतीने, एक होतात, परंतु 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' यांतील अर्धा र एका कळफलकावर ऱ आणि हलन्त अशा दोन चिन्हांनी येतो, तर दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांनी, आणि ही दोन रूपे सामान्यीकरणानेही एक होत नाहीत. त्यासाठी तुलनेपुरती वेगळी किल्ली, म्हणजे नावाचे एकसारखे केलेले रूप, बनवली. मूळ नाव अर्जदाराने लिहिले तसेच ठेवले. तरीही रोमन आणि देवनागरी लेखनातील तफावत उरते, आणि एकाच गावात एकाच नावाच्या दोन व्यक्ती असणे आपल्याकडे सहज शक्य आहे. म्हणून नाव जुळले तर सर्व्हर प्रवेशिका नाकारत नाही. तो तिच्यावर खूण करतो, आणि छाननी समितीतील सदस्य दोन्ही मंडळांना फोन करून खातरजमा करतात.

यंदाची प्रवेशिका उघडण्याआधी समितीच्या सदस्यांनी आपापल्या फोनवर, आपल्या तालुक्यातल्या जाळ्यावर ती भरून पाहिली. चाचणीसाठीच्या नावांची यादी त्यांनीच केली होती, आणि तीत 'कमल' हे नाव एकदाच होते.